सेरोटोनिन कमी झालेल्या उंदराला थांबणं का जमत नाही?

केंब्रिज विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात १९८०च्या दशकात उंदरांसाठी एक परीक्षा तयार झाली. पेटीच्या एका वळणदार भिंतीत ओळीनं पाच भोकं असतात. पाच सेकंद काहीच होत नाही. मग पाचांपैकी एका भोकात अर्ध्या सेकंदापुरता दिवा लागतो. उंदरानं त्याच भोकात नाक घातलं की पेटीच्या दुसऱ्या टोकाला खाण्याची एक गोळी पडते. दिवा लागायच्या आधीच नाक घातलं तर गोळी नाही, वर काही सेकंद पेटीत अंधार. रोज सराव दिला की उंदीर ही परीक्षा चांगली शिकतात.

१९९७ साली हॅरिसन, एव्हरिट आणि रॉबिन्स या तिघांनी अशा शिकलेल्या उंदरांच्या मेंदूतलं बहुतेक सगळं सेरोटोनिन (चेतापेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) एका विषानं काढून टाकलं आणि त्यांना पुन्हा पेटीत सोडलं. दिवा कुठल्या भोकात लागला हे त्यांना पूर्वीइतकंच अचूक ओळखता येत होतं. गोळीसाठी ते आधीसारखेच काम करत होते. बिघडलं होतं ते मधल्या पाच सेकंदांचं थांबणं. दिवा लागायच्या आतच त्यांचं नाक भोकात जायचं आणि हे पुन:पुन्हा घडायचं.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमुळे सेरोटोनिनची ओळख आपल्याकडे ‘आनंदाचं रसायन’ अशी झाली आहे. केळी खा, उन्हात बसा, सेरोटोनिन वाढवा! या ओळखीवर विश्वास ठेवला तर सेरोटोनिन गेलेला उंदीर कोपऱ्यात खिन्न बसायला हवा. साठ वर्षांच्या प्रयोगांत दिसलेला उंदीर वेगळाच आहे. तो जागा आहे, चपळ आहे, भुकेला आहे, पण त्याला स्वतःला आवरता येत नाही. हे चित्र कसं उभं राहिलं, त्यात कुठे घोळ झाले आणि कुठे ते अजून विसंगत आहे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. (या लेखात उंदीर म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा रॅट. छोट्या जातीला मी माऊस म्हणेन.)

मेंदूत सेरोटोनिन असतं कुठे

शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतः बनवतो. आहारातून आलेलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल घ्यायचं आणि दोन टप्प्यांत त्याचं सेरोटोनिन करायचं, अशी ती पद्धत. मेंदूतही हे रसायन असतं हे बेटी ट्वॅरोग आणि अर्विन पेज यांनी १९५३ मध्ये दाखवलं. ते नेमकं कुठल्या पेशींत असतं हे कळायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. १९६४ मध्ये स्वीडनच्या डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी उंदराच्या मेंदूचे पातळ काप एका खास प्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या प्रक्रियेत सेरोटोनिन असलेल्या पेशी पिवळ्या चमकतात. अशा पेशींचे पुंजके मेंदूच्या देठात, मध्यरेषेला लागून सापडले. त्यांना राफे केंद्रकं म्हणतात. त्यातली दोन आपल्या कामाची आहेत : डॉर्सल राफे आणि मीडियन राफे.

उंदराच्या मेंदूत सुमारे वीस कोटी चेतापेशी असतात. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी त्यांतल्या वीसेक हजारांच्या आसपास. पण एका विहिरीचं पाणी पाटांनी सगळ्या शिवारात फिरावं तसे त्यांचे बारीक तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोचलेले असतात. पेशींवरची, सेरोटोनिन पकडणारी ग्राहकंही (रिसेप्टर) एका जातीची नाहीत, ती चौदाच्या आसपास जातींची आहेत आणि काही जातींची कामं एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून ‘सेरोटोनिन वाढलं’ किंवा ‘कमी झालं’ एवढ्यानं फारसं काही कळत नाही. कुठे, किती, कशानं आणि किती दिवसांसाठी, हे विचारावंच लागतं.

सर्पगंधेनं दाखवलेली वाट, आणि चकवाही

मेंदूतलं सेरोटोनिन काढून टाकता येतं हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या ओळखीच्या वनस्पतीमुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि हे औषध जगाच्या नजरेत आलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळं केलं. रेसर्पिन दिलेले प्राणी सुस्त होतात, पापण्या मिटून एका जागी बसून राहतात. १९५५ मध्ये अमेरिकेत प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांना दिसलं की रेसर्पिन शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. सेरोटोनिन गेलं, प्राणी मलूल झाला. कार्यकारणभाव जुळल्यासारखा वाटला आणि पुढे नैराश्याबद्दलच्या विचारावर या चित्राची दाट छाया पडली.

पण रेसर्पिन एकट्या सेरोटोनिनला हात लावत नाही. नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली आणखी दोन निरोप नेणारी रसायनंही त्याच वेळी संपतात. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिननं निपचित झालेल्या सशांवर साधी पण निर्णायक चाचणी केली. काहींना सेरोटोनिनचा कच्चा माल टोचला, काहींना डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे एल-डोपा. एल-डोपा मिळालेले ससे काही मिनिटांत उठून हिंडू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल मिळालेले उठले नाहीत. मलूलपणाचा आरोप चुकीच्या रसायनावर होता. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर प्रत्येक संशोधकाला एक प्रश्न टाळता येईना : तुम्ही सेरोटोनिनच काढलंत, की सोबत आणखी काही?

नेमकी इजा करण्याची साधनं

सर्वांत जुना मार्ग म्हणजे राफेमध्ये बारीक तार घालून विजेच्या प्रवाहानं तिथल्या पेशी जाळणं. त्यात शेजारच्या पेशी आणि नुसते तिथून जाणारे तंतूही जळतात. अशा उंदरांत, विशेषतः मीडियन राफे जाळल्यावर, प्रचंड धावपळ दिसायची. पुढे जेव्हा केवळ सेरोटोनिनच्या पेशी मारणारी विषं आली तेव्हा तीच धावपळ तेवढी ठळक दिसेना. म्हणजे तिचा बराच भाग शेजाऱ्यांच्या नुकसानीचा होता.

दुसरा मार्ग १९६६ मध्ये को आणि वाइसमन यांनी दिला. पॅरा-क्लोरोफेनिलअ‍ॅलनिन, म्हणजेच पीसीपीए, हे रसायन सेरोटोनिन बनवणाऱ्या विकराला अडवतं. पेशी जिवंत, तंतू शाबूत, पण आत माल नाही. दोनतीन दिवसांत मेंदूतलं सेरोटोनिन तळाला जातं आणि पुढच्या एकदोन आठवड्यांत परत येतं. ‘सेरोटोनिन कमी भरलं म्हणजे तंतू तुटले’ असं म्हणणाऱ्यांनी पीसीपीएचा उंदीर आठवावा. त्याचे तंतू तुटलेले नसतात.

तिसरं साधन १९७०च्या दशकातलं आणि आजही वापरातलं : ५,७-डायहायड्रॉक्सिट्रिप्टमीन. हे सेरोटोनिनशी इतकं मिळतंजुळतं आहे की सेरोटोनिनच्या पेशी आपल्या नेहमीच्या शोषण-पंपानं ते आत ओढून घेतात, आणि आत गेल्यावर ते त्या पेशीचे तंतू नष्ट करतं. अडचण अशी की नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या पेशीही ते थोडं ओढतात. म्हणून आधी उंदराला डेसिप्रामीन नावाचं औषध देतात. ते नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पंप बंद करतं आणि त्या पेशी वाचतात. मग उंदराला भूल देऊन विष मेंदूच्या पोकळीत किंवा थेट राफेमध्ये सुईनं सोडतात. तुलनेसाठी दुसऱ्या गटावर तशीच शस्त्रक्रिया होते, फक्त सुईत विष नसतं. प्रयोग संपला की उंदराला मारून मेंदूच्या प्रत्येक भागातलं सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन मोजतात. हे मोजमाप नसेल तर त्या उंदराच्या वागण्याबद्दलचं कुठलंही विधान फार विश्वासानं घेऊ नये. या माहितीसाठी उंदराचा जीव जातो हेही विसरू नये. भारतात असा कुठलाही प्रयोग प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

शिक्षेची भीती कमी, की हात आवरणं कठीण?

पीसीपीए हाती आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत निरीक्षणांचा पूर आला. उंदीर दचकतो जास्त, विजेच्या झटक्याला लवकर प्रतिसाद देतो, झोप कमी होते. १९७६ मध्ये सॅलर आणि स्ट्रिकर यांनी ५,७-डायहायड्रॉक्सिट्रिप्टमीन दिलेले उंदीर जास्त खातात आणि वजनानं वाढतात असं दाखवलं. एकेक सुटं पाहिलं तर या गोष्टींचा एकमेकींशी संबंध लागत नाही.

त्यातलंच एक निरीक्षण फार गाजलं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे पिएर कार्ली यांनी १९५६ मध्ये नोंदवलं होतं की रानटी उंदीर पिंजऱ्यात सोडलेल्या माऊसला बहुधा मारून टाकतात, तर पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेले फार थोडे उंदीर तसं करतात. सेरोटोनिन घटवलं की या शांत उंदरांतले पुष्कळ जण मारू लागतात. यावरून ‘सेरोटोनिन कमी म्हणजे हिंसक’ असं समीकरण निघालं. पण माऊस मारणं ही शिकार आहे. दोन नर उंदरांची हद्दीवरून होणारी मारामारी हे वेगळं वागणं आहे आणि सेरोटोनिन घटवल्यावर ती तितक्या खात्रीनं वाढत नाही. हिंसा हा शब्द दोन्हींना सरसकट लावला की निष्कर्ष भरकटतो.

खरा धागा सापडला तो शिक्षेच्या प्रयोगांत. उंदराला खटका दाबून अन्न मिळवायला शिकवतात. मग एक इशारा सुरू असताना खटका दाबला तर अन्नाबरोबर पायाला हलका विजेचा झटकाही बसतो. साधा उंदीर तेवढा वेळ खटक्यापासून लांब राहतो. १९७७ मध्ये टाय, एव्हरिट आणि आयव्हर्सन यांनी नेचरमध्ये दाखवलं की सेरोटोनिनचे तंतू नष्ट केलेले उंदीर इशारा चालू असतानाही खटका दाबत राहतात.

याचा सरळ अर्थ असा वाटेल की त्यांची भीती गेली. चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांनीही उंदीर असंच करतात, म्हणून अनेक वर्षं ‘सेरोटोनिन म्हणजे चिंता’ असं मानलं गेलं. पण वर सांगितलंच आहे की हे उंदीर झटक्याला उलट जास्त प्रतिसाद देतात आणि जास्त दचकतात. ज्याला झटका अधिक जाणवतो तोच खटका दाबत राहतो, हे भीतीच्या भाषेत सांगता येत नाही. १९८६ मध्ये फ्रेंच संशोधक फिलिप सुब्रिए यांनी सगळी जुनी निरीक्षणं एकत्र वाचून वेगळी मांडणी केली : सेरोटोनिनच्या पेशी बिघडल्या की करण्याची ओढ असलेली कृती रोखून धरणं आणि वाट पाहणं प्राण्याला जमत नाही. शिक्षा असो वा नसो. पाच भोकांच्या पेटीत तर शिक्षेची भीती हा मुद्दाच फारसा नाही, तरी तिथेही तेच दिसलं.

‘उतावळेपणा’ एकच नसतो

इथवर चित्र सुंदर जुळतं. पुढे ते फाटतं, आणि मला तो भाग अधिक शिकवणारा वाटतो.

उतावळेपणा मोजायची आणखी एक पद्धत आहे. एक खटका दाबला तर एक गोळी जवळजवळ लगेच, दुसरा दाबला तर दोन गोळ्या पण उशिरा. उंदीर कुठवर वाट बघेल? १९९३ मध्ये वोगर, ब्रॅडशॉ आणि सबाडी यांना दिसलं की सेरोटोनिनचे तंतू नष्ट केलेले उंदीर लवकर मिळणाऱ्या लहान बक्षिसाकडे झुकतात. अपेक्षेप्रमाणेच. पण २००४ मध्ये केंब्रिजच्या कॅथरीन विन्स्टनली आणि सहकाऱ्यांनी हीच निवड आपल्या पद्धतीनं तपासली तेव्हा काहीच फरक आढळला नाही, आणि पाच भोकांच्या पेटीत मात्र घाई स्पष्ट वाढलेली होती. मग २००९ मध्ये डॉन ईगल आणि सहकाऱ्यांनी तिसरी चाचणी लावली. उंदीर कृती सुरू करतो आणि मध्येच आवाज होतो : थांब! सेरोटोनिन नसलेले उंदीर सुरू केलेली कृती साध्या उंदरांइतक्याच वेगानं थांबवू शकले. त्यांना जमलं नाही ते न हलता वाट पाहणं.

म्हणजे सुरू झालेली कृती थांबवणं, मोठ्या फायद्यासाठी उशीर पत्करायचा निर्णय घेणं आणि वेळ येईपर्यंत गप्प राहणं ही मेंदूची तीन निराळी कामं आहेत. सेरोटोनिनच्या इजेनं तिसऱ्याचं नुकसान नक्की होतं, दुसऱ्याबद्दल प्रयोगांत एकवाक्यता नाही आणि पहिलं शाबूत राहतं. ‘संयम सुटला’ असं आपण बोलताना या तिन्हींना एकत्र बांधतो. उंदरांनी ते सुटं करून दाखवलं.

इजेच्या प्रयोगांवर एक कायमचा आक्षेप असतो. पेशी मारल्यावर उरलेला मेंदू जुळवून घेतो, मग दिसणारं वागणं इजेचं की जुळवणुकीचं? याचं चांगलं उत्तर जपानच्या ओकिनावातून आलं. तिथल्या मियाझाकी आणि दोया यांच्या गटानं इजा न करता, हिंडत्या-फिरत्या उंदराच्या डॉर्सल राफेमधल्या पेशींचे विद्युत-स्पंद नोंदले. उंदीर उशिरा येणाऱ्या अन्नाची किंवा पाण्याची वाट पाहत असे तोवर या पेशी जोमानं चालू राहत. ज्या वेळी तो कंटाळून निघून जाई, त्याच्या आधी त्यांचा जोर ओसरलेला असे. हे २०११ मधलं. पुढच्या वर्षी त्यांनी औषधानं त्या पेशी थोड्या वेळापुरत्या मंद केल्या, तर दीर्घ प्रतीक्षेत उंदीर अधिक वेळा अर्ध्यावरून निघून जाऊ लागले. २०१४ मध्ये त्याच गटानं माऊसच्या त्याच पेशी प्रकाशानं चेतवल्या आणि ते जास्त वेळ थांबले. इजेतून काढलेल्या निष्कर्षाला इजा न करता मिळालेला हा दुजोरा आहे, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

मग नैराश्याचं काय?

उंदराला टाळता न येणारे झटके बसले की पुढे सुटकेची वाट असतानाही तो सुटायचा प्रयत्न सोडून देतो. नैराश्याच्या अभ्यासात हा प्रयोग फार वापरला गेला आहे. सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य, हे सूत्र खरं असतं तर डॉर्सल राफे नष्ट केलेला उंदीर आणखी हताश व्हायला हवा होता. कोलोरॅडोच्या स्टीव्हन मायर यांच्या गटाला १९९३ मध्ये नेमकं उलट दिसलं. डॉर्सल राफे नसलेल्या उंदरांत ही हताशा आलीच नाही. टाळता न येणाऱ्या त्रासात या पेशी फार जोरात चालू होतात आणि ती हताशा त्यातूनच येते, असं त्यांचं पुढचं कामही सांगतं.

हे वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. सेरोटोनिनवर काम करणारी नैराश्याची औषधं अनेकांना उपयोगी पडतात. एखादं औषध उपयोगी पडतं याचा अर्थ त्या रसायनाची कमतरता हेच आजाराचं कारण होतं असा होत नाही, एवढंच उंदरांवरून म्हणता येतं. औषध कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांशी बोलूनच.

माणसांच्या बाबतीत ही इजा चर्चेत आली ती नशेच्या गोळ्यांमुळे. एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए, मोठ्या मात्रेत पुन:पुन्हा दिलं की उंदराच्या कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आणि हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) यांतलं सेरोटोनिन कित्येक आठवडे घसरलेलं राहतं. खोलीचं तापमान काही अंशांनी वाढवलं तर नुकसान खूप वाढतं, हे मालबर्ग आणि सायडेन यांनी १९९८ मध्ये दाखवलं, आणि बंद, गर्दीच्या जागी नाचणाऱ्यांसाठी ही माहिती थेट महत्त्वाची आहे. माऊसमध्ये मात्र हेच रसायन मुख्यतः डोपामिनला इजा करतं. दोन इतक्या जवळच्या प्राण्यांत एवढा फरक असेल तर उंदरावरून माणसाकडे उडी मारताना किती जपायला हवं! आणि अशा इजेनंतरही पिंजऱ्यातला उंदीर बघणाऱ्याला जवळपास नेहमीसारखाच दिसतो. वरच्यासारख्या नेटक्या परीक्षा घेतल्याशिवाय फरक हाती लागत नाही.

जन्मापासूनच सेरोटोनिन नसेल तर

मेंदूत सेरोटोनिन बनवणारं विकर आतड्यातल्या विकराहून वेगळ्या जनुकातून येतं, हे बर्लिनच्या संशोधकांनी २००३ मध्ये शोधलं. ते जनुक काढून टाकलेले माऊस त्यांनी पुढे तयार केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पिल्लं जन्मली, पण खुरटलेली होती आणि निम्म्याच्या आसपास पहिल्या काही आठवड्यांत दगावली. उरलेली वाढली, त्यांना पिल्लंही झाली. या माद्यांना दूध नीट येत होतं, तरी त्या पिल्लांकडे दुर्लक्ष करत, काही खाऊनही टाकत. मोठेपणी केलेल्या इजेपेक्षा हे चित्र निराळं आहे, कारण इथे मेंदू सेरोटोनिनशिवायच घडला आहे.

मोठेपणीची इजा तर कायमची राहीलच असंही नाही. मेंदूतले बहुतेक तंतू एकदा तुटले की वाढत नाहीत. सेरोटोनिनचे तंतू याला ठळक अपवाद आहेत. विष दिलेल्या उंदरांत काही महिन्यांनी नवे फुटवे दिसतात हे १९७०च्या दशकापासून माहीत होतं, पण ते मारून कापलेल्या मेंदूंवरून. जॉन्स हॉपकिन्सच्या डेव्हिड लिंडेन यांच्या गटानं माऊसच्या कवटीत छोटी काच बसवून जिवंत कॉर्टेक्समधले तेच तंतू महिनोन्‌महिने पाहिले आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विषानं झडलेल्या तंतूंच्या जागी हळूहळू नवे तंतू आले. ते जुन्या तंतूंच्या वाटेनं क्वचितच गेले, तरी त्यांची दाटी पूर्वीच्या जवळ पोचली. सुरीनं कॉर्टेक्समध्ये चीर पाडली होती तिथेही सेरोटोनिनचे तंतू ती चीर ओलांडून पलीकडे गेले.